पिंगळीची लाल जोड

आमच्या घरी मासे खात नाहीत. तरीही एक काळ असा होता की आमच्या घरात दर आठवड्याला मासे मरत होते. खाणाऱ्यांच्या घरी ते निदान मेलेले येतात. माझ्याकडे ते जिवंत यायचे आणि चौथ्या दिवशी जायचे.

टाकी घेतली ती ब्लडप्रेशरसाठी. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास काहीतरी शांत बघत बसत जा. परभणीत शांत बघण्यासारखं काय आहे याचा मी आठवडाभर विचार केला, आणि शेवटी दुकानातून दोन फुटांची काचेची टाकी घेऊन आलो. दुकानदाराने सोबत गप्पी मासे दिले. "साब, ये अंडे नई देते, सीधे बच्चे देते. नये आदमी के लिए यही अच्छे," तो म्हणाला. सकाळी उठून बघावं तर एखादा तिरपा होऊन तरंगत असायचा. तो मी जास्वंदीच्या कुंडीत पुरायचो. जास्वंदीला त्या वर्षी इतकी फुलं आली की शेजारीण खताचं नाव विचारून गेली. बायको शिक्षिका आहे; शाळेला निघता निघता ती चपला घालत विचारायची, "आज कोण?" माझं ब्लडप्रेशर वाढलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात गावाकडे आई वारली. महिनाभराने आमच्या राणीसावरगावच्या गोठ्यातला एक बैल गेला. लाल कंधारी जोड होती ती, विटेसारख्या रंगाची. दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, दोन बाजार पालथे घालून ती जुळवलेली. दादांची त्यात ख्याती होती. आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की दादांना सोबत नेत. ते आधी दात बघत नसत. आधी लांब उभे राहून नुसतं बघत बसत. आणि जोड म्हणजे जोड. रंग, उंची, चाल, सगळं जुळलं पाहिजे. एक गेला आणि जोड फुटली. उरलेला बैल दादांनी बाजारात पहिल्याच गिऱ्हाइकाला देऊन टाकला, घराला कुलूप लावलं आणि एक कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आले.

पिशवीत दोन धोतरं, तीन सदरे आणि तळाशी त्या बैलाचं दावं होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं आणायचं. दावं घरात राहिलं की दावणीला पुन्हा जनावर येतं म्हणतात. दादांच्या दावणीला आता कोण येणार होतं, पण त्यांनी दावं दिलं नाही.

पिशवी पलंगाखाली असायची. बायकोने कपाटात एक खण मोकळा करून दिला होता, तो मोकळाच राहिला. धोतर वाळलं की दादा त्याची घडी करून पुन्हा पिशवीत ठेवत. आणि दर शनिवारी जेवताना म्हणत, "सोमवारी जातो गावाकडं."

गावाकडे काही नव्हतं. शेत बटईने दिलेलं, घर बंद, गोठा रिकामा. तिथे जाऊन ते रिकाम्या दावणीसमोर बसले असते आणि सकाळची भाकरी संध्याकाळी ताकात कुस्करून खाल्ली असती. म्हणून आम्ही दर रविवारी काहीतरी काढायचो. सिलिंडर येणार आहे, घरी कुणीतरी पाहिजे. नळ दुरुस्त करणारा येणार आहे. त्या काळात आमचा नळ इतक्या वेळा दुरुस्त झाला की तो खरंच बिघडला. मला ते राहायला हवे होते. मला त्यांची काळजी वाटत होती आणि आई गेल्यापासून मला त्यांच्याशिवाय पोरकं वाटत होतं. हे मी त्यांना म्हटलं नव्हतं. आमच्यात असं म्हणत नाहीत. आमच्यात "जेवलात का" म्हणतात.

टाकीकडे दादांनी पहिले दोन महिने बघितलंच नाही. मग एका रविवारी सकाळी मी चहा पीत बसलो होतो, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ लांबूनच बघत होते.

"त्यो कोपऱ्यातला मरतोय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"पंख मिटून उभा हाय. आजारी जनावर असंच अंग चोरतंय. कुठून आणले हे?"

"दुकानातून."

"बघून आणले का?"

"बघूनच की."

"काय बघितलंस?"

मी खरं ते सांगितलं. "रंग."

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं होतं, तसंच आता बघितलं. मग विचारलं, "अंडी घालतेत का हे?"

"नाही. थेट पिल्लं देतात."

"म्हंजी जनावरच की," दादा म्हणाले आणि टोपी घालायला आत गेले.

दुकानात दादांनी गुडघ्यांवर हात टेकून एकेक टाकी बघायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "कौनसे देऊं चचा?" दादा म्हणाले, "आधी खायला टाका." त्याने चिमूटभर खाद्य टाकलं. जे धावून आले ते दादांनी बघितले, जे आले नाहीत त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे न्हाई." मग ते माशांनी शेण टाकायची वाट बघत थांबले. पाऊण तास. मधल्या वेळात तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. दुकानदाराने आमच्यासाठी चहा सांगितला, तो आम्ही प्यायलो, आणि दादांनी निकाल दिला. "पांढरं तारेवाणी शेण टाकायलेत. पोटात जंत हायत. आन त्या तळाला एक मेलेलं पडलंय, बाजूचे त्यालाच तोंड लावायलेत. गोठ्यात मढं ठिवून जनावर इकतेत का?"

"चचा, ये मच्छी हय, बैल नई," दुकानदार म्हणाला.

"पोटातून पिल्लं देतंय ना? मंग?"

दुकानदार माणूस सज्जन होता. त्याने आधी जाळीने मेलेला मासा काढला, मग हात पुसत म्हणाला, "माल दूर से आता चचा. दो-दो रोज थैली में बंद. आते-आतेच आधा जाता. अच्छा माल होना तो पिंगळी जाव, वहाँ एक बाई घर में पालती." स्वतःच्या दुकानात उभं राहून दुसऱ्याचा पत्ता देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. माशांचं खाद्य मी अजून त्याच्याकडूनच घेतो.

"बरं सांगितलं त्यानं," बाहेर आल्यावर दादा म्हणाले. "बाजारातलं जनावर घ्यायचंच न्हाई. दावणीवर जाऊन घ्यायचं. माय कशी हाय, धनी कसा हाय, पाणी कोणतं पितंय, समदं दिसतं."

पुढच्या रविवारी मोटारसायकलवरून पिंगळीला गेलो. दादांनी घरून कडीचा, दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा घेतला होता. विकणाऱ्याचं दावं जसं घरी आणायचं नाही, तसं विकणाऱ्याची पिशवीही नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या बाई शिलाईचं काम करायच्या. अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली भंगारातले पाच-सहा फ्रीज उताणे टाकलेले, दारं काढलेली, आणि त्यांत काठोकाठ पाणी. पाण्यात शेवाळ आणि शेवाळात हे मासे, शेकड्यांनी. "जय भीम, या मामा," त्या मशीनवरून उठत म्हणाल्या. "जय भीम," दादा म्हणाले आणि सरळ पहिल्या फ्रीजवर वाकले.

मी बाईंना माझं दुःख सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाणी कोणतं टाकता?"

"जारचं," मी जरा अभिमानानेच म्हणालो. "फिल्टरचं. पाहुण्यांना देतो ते."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हसून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, ह्यांला बोअरचं जड पाणी लागतं. हंड्याला पांढरा थर धरतो ना, तसलं. जारच्या पाण्यात हे तग न्हाई धरत."

दादांनी फ्रीजवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी लिंबाकडे बघितलं. म्हणजे दुकानातले आजारी मासे मी आणायचो आणि मग चांगल्यातलं चांगलं पाणी पाजून त्यांना संपवायचो. जास्वंदीवर मात्र माझे उपकार होते.

दादांनी तासभर घेतला. चाल बघितली, पाठ सरळ आहे का बघितलं, पोट खपाटीला गेलेलं नाही ना बघितलं, खाणं बघितलं, शेण बघितलं. मग दोन मासे बोटाने दाखवले. लाल शेपटीचे. एकाच रंगाचे, एकाच अंगाचे, आणि वळतानाही एकदम वळणारे.

"मामा, हे दोनीबी नर हायत," बाई ते जाळीने डब्यात सोडत म्हणाल्या.

"बैल नरच असतेत."

"नराचाच रंग असतोय हो, माद्या साध्या दिसतेत. पर एका नरामागं दोन-तीन माद्या घ्याव्या लागतेत. न्हाईतर पिल्लं कशी व्हतील?"

"जोड जुळली की झालं," दादा म्हणाले.

मला पिल्लं हवी होती. घरातच पिल्लं झाली की पुन्हा मासे आणायला नको, असा माझा हिशेब होता. पण मी दादांकडे बघितलं. ते डब्यात वाकून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यानंतर प्रथमच काहीतरी हललं होतं. मी फक्त एवढंच विचारलं, "दोन नर एकत्र भांडणार नाहीत का?"

"मादीच न्हाई तर कशापायी भांडतील?" बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर दादांनी डब्यात थोडं थोडं करून आमच्या बोअरचं पाणी घातलं. नव्या जनावराला गावचं पाणी हळूहळू पाजायचं असतं. मग मासे जाळीने उचलून कपड्यांच्या टबात सोडले आणि पिंगळीचं पाणी जास्वंदीला घातलं. "बाहेरचं जनावर आठ दिवस येगळं बांधायचं," त्यांनी जाहीर केलं. टाकीतल्या जुन्या माशांपैकी एक तेवढा उरला होता, तोही आठ दिवसांत गेला. टाकी घासून, मीठ लावून, उन्हात ठेवली. बायकोने ते आठ दिवस टबाशिवाय धुणं धुतलं आणि चकार शब्द काढला नाही. एरवी ती अशी नाही. तेव्हा मला कळलं की दादा राहावेत असं तिलाही वाटतंय.

त्या सोमवारी दादा गेले नाहीत, कारण आठ दिवस व्हायचे होते. त्यानंतरच्या सोमवारी गेले नाहीत, कारण जोड टाकीत नुकतीच सोडली होती. "जरा रुळू दे," म्हणाले. आंब्याचे दिवस गेले. सकाळ-संध्याकाळ दादाच खाद्य घालत, तेही चिमटीत धरून, मोजकं. मी जास्त घालायचो म्हणून मला बंदी होती. पाणी बदलायचं तेही तेच, थोडं काढून तेवढंच घालायचं. पोळ्याला त्यांनी टाकीच्या दोन्ही कडांना गेरूची बोटं ओढली. बायकोने पुरणपोळीचा घास तोडून आणला तेव्हा मी मध्ये पडलो. पुरणाने पाणी नासतं. मग तो घास टाकीला दाखवून दादांनीच खाल्ला.

जोड टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि एकदम वळायची. मी ऑफिसातून आलो की दादांच्या शेजारी बसायचो. माझं ब्लडप्रेशर उतरलं. शनिवारी "सोमवारी जातो" म्हणायचं दादा विसरायला लागले. पिशवी मात्र पलंगाखालीच होती आणि खण रिकामा होता.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी सकाळी टाकीत एकच मासा दिसला. दुसरा स्टँडमागे फरशीवर सापडला, वाळलेला. हे मासे कधी कधी उडी मारतात. टाकीवरचं झाकण आदल्या दिवशी मी नीट बसवलं नव्हतं. तसं मी दादांना सांगितलंही. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मासा तळहातावर घेतला, जास्वंदीत पुरला, आणि म्हणाले, "जोड फुटली."

संध्याकाळी मी आलो तर पिशवी पलंगावर होती.

"उरल्याला देऊन टाक कुणालातरी," दादा म्हणाले. "मी सोमवारी जातो."

तो शनिवारही नव्हता. सिलिंडर परवाच येऊन गेला होता, नळ धडधाकट होता. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. शेवटी मी म्हणालो, "द्यायचाच तर जिथला तिथं देऊ. रविवारी पिंगळीला नेऊ." दादांनी मान हलवली. पिंगळीला एक चक्कर मिळाली, एवढंच.

रविवारी पिंगळीला बाईंनी डब्यात बघितलं. "तब्येत तर लय चांगली हाय. परत कामून आणला?"

"जोड फुटली," दादा म्हणाले आणि लिंबाखालच्या बाजेवर आमच्याकडे पाठ करून बसले.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी डबा खाली ठेवला, पहिल्या फ्रीजपाशी गेलो आणि गुडघ्यांवर हात टेकले. मी हे का करतोय हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. आयुष्यात मी एकही बैल निवडलेला नाही. सायकलसुद्धा दादांनीच बघून घेतली होती. आधी लांबूनच बघितलं. मग बाईंना म्हणालो, खायला टाका. जे आले नाहीत ते सोडले. पाठ बघितली, पंख बघितले, चाल बघितली. मग शेणाची वाट बघत थांबलो. बाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. तिसऱ्या फ्रीजमध्ये एक लाल शेपटीचा सापडला. तो मी काचेच्या ग्लासात घेतला आणि दादांपुढे धरला.

दादांनी ग्लास उजेडात धरला.

"अंगानं कमी हाय."

"हो."

"शेपटीला काळा ठिपका हाय."

"हो."

"शेण बघितलंस?"

"बघितलं. दोनदा."

ते बघत राहिले. मासा ग्लासात वळला, पुन्हा वळला. "वयानं ल्हान हाय," दादा म्हणाले. "जुन्यासंगट फिरंल. शिकंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बैल इकायला गेलो ना, तवा बाजारात असाच एक व्हता. आपल्याला जुळला असता. हात फिरवून बघितला म्या. मंग म्हणलं, आता जोड लावून नेऊ आन दावू कोणाला? दारात बघायला हाय कोण?"

बाजारातून नवा बैल दारात आला की आई भाकरतुकडा ओवाळून टाकायची. ते मला आठवलं. बाईंनी पाठ फिरवून चहाचा कप उचलला. मग म्हणाल्या, "मामा, या बारीला एखादी मादी तरी न्या."

"पुढच्या बारीला बघू," दादा म्हणाले.

"पुढच्या बारीला" हे मी ऐकलं. ऐकून नव्याला डब्याच्या रिकाम्या कप्प्यात सोडलं.

परत येताना दादा मागे बसले होते, मांडीवर डबा, दोन्ही हात डब्यावर. गाव मागे पडल्यावर रस्त्याला कुणी नव्हतं. समोर बघत असलं की बोलणं जरा सोपं जातं.

"दादा, जाऊ नका गावाकडं," मी म्हणालो. "इथंच राहा. मला तुम्ही हवे आहात."

मागून डब्याची कडी वाजली.

"पुढं बघून चालीव," ते म्हणाले. "डब्यात जनावर हाय."

घरी पोचलो तर बायकोने टब रिकामा करून, पुसून, जागेवर ठेवलेला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दादांनी नव्याला टबात सोडलं, जुन्याला टाकीत सोडलं, आणि जेवून झोपले. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा ते अंघोळीला गेले होते. पिशवी पलंगावरच होती, बांधलेली. दिवसभर एकही कागद मला धड लावता आला नाही.

संध्याकाळी आलो तर बायको भाजी निवडत होती. "दुपारी कपाटातला खण कोणता ते विचारलं त्यांनी," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. पिशवी रिकामी होऊन खुंटीला लटकत होती. दादा टबापाशी बसून नव्याला चिमटीने खाद्य घालत होते. टाकीत जुना एकटाच फिरत होता, अजून सात दिवस तसाच फिरणार होता. टाकीच्या स्टँडच्या पायाला बैलाचं दावं बांधलेलं होतं. गोठ्यात मारायचे तीच गाठ होती.